शेवटच्या धावपटूचा फोटो

शर्यत म्हटली की आपल्याला पहिला नंबर दिसतो. शेवटी येणाऱ्याची वाट पाहायला सहसा कोणी थांबत नाही. आम्ही वाशीम जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, आणि क्रीडादिनी हेच पाहत आलो आहोत.

गेल्या वर्षी सातवीच्या मुलांनी आम्हाला मोबाईलवर एक गंमत दाखवली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाचे मोठे करमणूक-उद्यान आहे. तिथे 1994 पासून जानेवारीत 42.195 किलोमीटरची मॅरेथॉन होते. वाटेत मिकी माऊस, डोनाल्ड डक अशी सोंगे उभी असतात. धावणारे थांबतात, रांग लावतात, फोटो काढतात आणि पुन्हा पळतात. मुले हसली. आम्ही मात्र गणिताचा तास असल्यासारखा हिशेब मांडला.

तिथे एक मैल 16 मिनिटांत, म्हणजे साधारण एक किलोमीटर 10 मिनिटांत कापावा लागतो. मागे पडणाऱ्याला बसमध्ये बसवतात. फोटोच्या रांगेत घड्याळ थांबत नाही. समजा, पुढे 40 जण आहेत आणि प्रत्येकाला 20 सेकंद लागतात. झाली 13 मिनिटे 20 सेकंद! तेवढ्यात संथ माणसाचे सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर गेले. पुढच्या गटात सुटलेल्याला हे परवडते, कारण त्याच्या हाती वेळ शिल्लक असते. शेवटच्या गटातल्याला ‘फोटो की शर्यत’ यातले एकच निवडावे लागते. म्हणजे ज्याला उमेद हवी, त्याच्याच वाट्याला ती कमी येते.

उपाय अवघड नाहीत. रांग रस्त्याच्या एका कडेला असावी, म्हणजे पळणाऱ्यांची वाट अडत नाही. किती वेळ लागेल याची पाटी आधीच लावावी. तिघातिघांचा एकत्र फोटो काढला, तर 40 जणांचे काम पावणेपाच मिनिटांत उरकते. आणि सर्वांत महत्त्वाचे, शेवटचा धावपटू जाईपर्यंत सोंगाने जागा सोडू नये.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. तिच्या ‘ड्रीम रन’मध्ये लोक स्वतःच वेष करून, हातात फलक घेऊन धावतात. तिथे वेळेचा धाक नसतो, म्हणून चेहऱ्यावर हसू टिकते. मुलांना आम्ही विचारले, “आपल्याकडे कोण उभा राहील?” एका सुरात उत्तर आले, “मुल्ला नसरुद्दीन!”

क्रीडादिनी दोन किलोमीटरच्या धावण्यात निम्म्या वाटेवर नसरुद्दीन उभा राहिला. पुठ्ठ्याचे गाढव, मोठी पगडी, कापसाची दाढी. फोटो तिघातिघांचे. काही मातांनी आधीच सांगितले होते, “सर, मुलींचे फोटो ग्रुपवर नकोत.” त्यांचे म्हणणे रास्त होते. ठरले असे की, फोटो मोबाईलवरून कुठेही जाणार नाही. छापून ज्याचा त्याच्या घरी जाईल. मग ज्या मुली दरवर्षी बाजूला बसत, त्यांतल्याही काही पळाल्या.

सातवीतला एक जाडसर मुलगा सगळ्यात शेवटी आला. बाकीचे केव्हाच परतले होते. उन्हात दाढी सांभाळत नसरुद्दीन उभाच होता. त्या मुलाच्या बरोबरीला कोणी नव्हते, म्हणून त्याचा एकट्याचा फोटो निघाला. चार दिवसांनी त्याचे अब्बा शाळेत आले. ते बाजार समितीत सोयाबीनची पोती उचलतात. म्हणाले, “गुरुजी, अजून एक कॉपी मिळेल? कारंज्याला याच्या नानीला पाठवायची आहे.”

त्या दिवशी पहिला कोण आला, हे आम्हाला वहीत पाहून सांगावे लागेल. नसरुद्दीन झालेला पोरगा मात्र यंदाही तयार आहे. त्याची अट एकच आहे, पगडी जरा हलकी हवी.