चाप हलका करून द्या

सोयाबीन शेंगांवर आलं की रिसोडच्या शिवारात रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा धुमाकूळ सुरू होतो, आणि परवान्याच्या बंदुका माझ्याकडे दुरुस्तीला येऊ लागतात. बहुतेक बाराबोअर, एखादी तीनशे पंधरा बोअरची रायफल. तीनशे पंधरावाल्याचं मागणं ठरलेलं: चाप हलका करून द्या. मी देत नाही.

आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या या रायफलीचा घाट ली-एनफिल्डचा, म्हणजे पलटणीतला. हिच्या चापावर दोन उंचवटे असतात. पहिला सीअरला, म्हणजे ताणलेली स्प्रिंग अडवून धरणाऱ्या खटक्याला, अर्ध्या वाटेपर्यंत नेतो, तिथे बोटाला अडथळा लागतो, मग दुसरा पाच-सहा पौंडांच्या ओढीने गोळी सोडतो. परेडच्या मैदानावर ही ओढ जड वाटेल. पण रात्री जागलीला बसलेल्या, थंडीने बोटं बधिर झालेल्या माणसाला त्या अडथळ्यावर थांबून ‘समोर रोहीच आहे ना?’ हे पाहता येतं.

जड वाटण्याचं खरं कारण बहुधा लाकूड असतं. जुन्या घाटात चाप गार्डला टांगलेला आणि गार्ड दस्त्याला आवळलेला. पावसाळ्यात दस्ता फुगला की चाप आणि सीअरमधलं अंतर बदलतं. इंग्रजांनाही हे उशिरा उमगलं. ली-एनफिल्डच्या नंबर चार मार्क दोनमध्ये त्यांनी चाप थेट लोखंडी बॉडीला टांगला. आम्ही दस्ता वाळवतो, जवसाचं तेल मुरवतो, गार्डचे स्क्रू नीट बसवतो. एवढ्यावर निम्मी तक्रार मिटते.

सीअरला कानस मात्र लावायची नाही. वरचा कठीण थर पातळ असतो. तो गेला की खालचं मऊ पोलाद झिजतं. ली-एनफिल्डची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दबते, त्यामुळे झिजलेला सीअर नेमका तेव्हाच निसटतो.

नव्या चापांना मी नावं ठेवत नाही. सॅव्हेज कंपनीच्या अ‍ॅक्यूट्रिगर चापामध्ये मधोमध एक पातळ पातं असतं. ते दाबल्याशिवाय सीअर पूर्ण सुटतच नाही. म्हणून दीड पौंडापर्यंत हलका केलेला चापही धक्क्याने गोळी सोडत नाही. टेबलावर टेकून निशाणा साधायला याहून सरस काही नाही. पण जितके सुटे भाग, तितकी जुळणी नाजूक. रेमिंग्टन कंपनीला 2006 पासून बनवलेला एक्स-मार्क प्रो चाप 2014 साली परत बोलवावा लागला, कारण जुळणीत चिकटवायचं द्रव्य जास्त पडलं होतं आणि रायफल आपोआप सुटण्याचा धोका होता. धुऱ्यावरच्या धुळीत आणि चिखलात मला जुन्याचे मोजके भागच बरे वाटतात.

तशीही तीनशे पंधरा आता शिकारीची रायफल उरलेली नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर पीक खाणारा रोही मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. परवानगी असेल तेव्हाही शेजारच्या वावरात दुसरं कुणी जागलीला बसलेलं असतं. ज्याला तरीही हलकाच चाप हवा, त्याने आपली रायफल माझ्याकडे आणू नये.