बंब, माठ आणि पोहण्याचा तलाव

मंडळी, तांब्याचा बंब पेटवता येणारे आता किती उरलेत कोण जाणे! मधल्या नळीत ढलप्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापायचं, आणि निम्मी धग धुराबरोबर वर निघून जायची. मेलबर्नला लेकीकडे गेलो की आम्ही ज्या सार्वजनिक तलावावर जातो, तिथेही असाच एक बंब होता. अवाढव्य, आणि गॅसवर चालणारा. मागच्या हिवाळ्यात कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, तो काढून विजेवरचे हीट पंप बसवले.

मी काही पोहणारी नव्हे. आम्ही जातो ते ह्यांच्या गुडघ्यांसाठी. जमिनीवर वीस पावलं टाकताना कळवळणारे हे, ३४ अंशांच्या छोट्या तलावात अर्धा तास चालतात. सोबतीला ग्रीक आज्या, व्हिएतनामी आजोबा. भाषा एकमेकांची येत नाही, पण गुडघ्याकडे बोट दाखवलं की सगळ्यांना सगळं कळतं.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "गॅसचं बरं चाललं होतं की. करदात्यांचे पैसे कशाला उधळायचे?" प्रश्न रास्त आहे. मी सहावी-सातवीला भाषेबरोबर विज्ञानाचेही तास घेतलेत, तेव्हा खडू हातात घेतेच!

तलाव २५ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरू. पाणी झालं साडेसात लाख लिटर. ते एक अंशाने तापवायला सुमारे ८७० युनिट उष्णता लागते. बॉयलरमधली थोडी उष्णता धुराड्यातून जातेच, म्हणून गॅस लागतो हजारएक युनिटांचा. चांगला हीट पंप हेच काम साधारण २२० युनिट विजेत करतो. यात जादू काही नाही. आपल्या फ्रिजची मागची बाजू गरम लागते ना? फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उचलून पाण्यात टाकतो. हवा आठ-दहा अंशांची असली तरी तिच्यात उष्णता असतेच. म्हणजे वीज खर्च होते ती हमालीवर. उष्णता निर्माण करण्यापेक्षा वाहून आणणं स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट आपल्या माठाची. माठातलं पाणी झिरपून वाफ होतं आणि उरलेलं गार होतं. तलावही तसाच एक मोठा माठ! त्याची बहुतेक उष्णता, साधारण ७० टक्के, बाष्पीभवनातच जाते. लिटरभर पाणी उडालं की दोन-तृतीयांश युनिट उष्णता गेली. म्हणून रात्री तलावावर पांघरूण घालणं हे नव्या यंत्राइतकंच महत्त्वाचं.

आता, व्हिक्टोरिया राज्याची बरीच वीज अजून लाट्रोब खोऱ्यातल्या तपकिरी कोळशावर होते, हे खरंच. पण हेझलवूडचं जुनं केंद्र २०१७ मध्ये बंद झालं, यालूर्नचं २०२८ मध्ये बंद करायचं ठरलंय, आणि २०२१ मध्ये तिथल्या ४६ कौन्सिलांनी एकत्र येऊन पवनविजेचा करार केला. उलट बास सामुद्रधुनीतला गॅस आटत चाललाय. गॅसही भरवशाचा नव्हताच म्हणा. १९९८ मध्ये लाँगफर्डच्या कारखान्यात स्फोट होऊन दोन कामगार गेले, आणि जवळजवळ दोन आठवडे राज्यातल्या बहुतेक घरांत गॅस नव्हता.

मेलबर्नमधली ब्रिमबँकचं २०२२ मधलं आणि नॉर्थकोटचं २०२३ मधलं अशी दोन जलतरण केंद्रं पहिल्यापासून विजेवरच बांधली आहेत. नवं बांधणं सोपं. जुन्यात बदल करायचा तर जाड केबल आणा, यंत्रांना जागा शोधा, तलाव बंद ठेवा. आमच्याकडे हे काम ऐन हिवाळ्यात निघालं. पोहणाऱ्यांसाठी दुसऱ्या तलावाची सोय झाली, पण गरम पाण्याच्या छोट्या तलावाला पर्याय कुणीच शोधला नाही. अकरा आठवड्यांत ह्यांचे गुडघे असे आखडले की जिन्यावरून उतरताना माझा खांदा धरावा लागे. त्या ग्रीक आज्यांपैकी एक तर नंतर परतलीच नाही. का, ते कळलं नाही.

तरीही बदल योग्यच झाला असं मी म्हणेन. इंधनाचं बिल वाढलं की आधी तलावाच्या वेळा कमी होतात, मग पाण्याचे अंश, आणि शेवटी दाराला कुलूप लागतं. ब्रिटिश सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात इंग्लंडमधल्या सार्वजनिक तलावांसाठी ६ कोटींहून अधिक पौंड ठेवले, ते याच भीतीने. श्रीमंताच्या परसात तलाव असतो. म्हाताऱ्या, दुखऱ्या, बेताच्या मिळकतीच्या माणसाला सार्वजनिक तलावच आधार.

तेव्हा यंत्र किती युनिट वाचवतं हा प्रश्न अर्धाच आहे. वाचलेल्या पैशाचं काय करणार, हेही नगरपालिकेला विचारायला हवं, मग ती तिथली असो की आपली. माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे: रविवारी दुपारीही गरम तलाव उघडा ठेवा. आणि पुढच्या वेळी दुरुस्ती काढाल तेव्हा, बाबांनो, ती उन्हाळ्यात काढा.