हनुवटीवरील ठिपका

मातोश्रींच्या जन्मास २०२४ सालीं शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्या निमित्तानें घरांतील सर्व मंडळींनीं एके ठिकाणीं जमावें असें थोरल्या बंधूंनीं ठरविलें, आणि त्या दिवशीं मातोश्रींचें चलच्चित्र सर्वांस दाखविण्याचें काम मजकडे आलें. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें पाठ करवून घेतलेल्या माणसानें संगणकाच्या वाटेस जावें, हें वहिनींस मुळींच पसंत नव्हतें. परंतु निवृत्त मनुष्याजवळ वेळ असतो, आणि वेळ असलेल्या मनुष्यास घरांत कोणीहि कांहींहि सांगतें.

मूळ सामग्री थोडी होती. १९९६ सालीं पुतण्याची मुंज झाली, ती गांवांतील एका छायाचित्रकारानें व्हीएचएस फितीवर घेतली होती. त्यांत मातोश्री वाती वळीत बसल्या आहेत, बटूच्या झोळींत भिक्षा घालीत आहेत आणि त्यास जवळ घेऊन कांहीं सांगत आहेत. तें सांगणें सनईच्या आवाजांत बुडून गेलें आहे. १९९९ सालीं त्या गेल्या. त्यांचें हालतें रूप अन्यत्र कोठेंहि नाहीं. २००६ सालीं ती फीत एका दुकानांतून डीव्हीडीवर उतरवून घेतली. पुढें एका पावसाळ्यांत फितीस बुरशी लागली आणि ती टाकून द्यावी लागली.

बंधूंच्या नातवानें फुकट मिळणारी एक संपादन-प्रणाली संगणकावर घालून दिली. नको तो भाग कापणें, नांवें घालणें हें मला चार दिवसांत साधलें. शेवटीं ‘एक्स्पोर्ट’ची कळ दाबली. चाळीस मिनिटांचें चित्र अवघ्या तीनशें मेगाबाइटांत मावलें म्हणून मी खूष होतों. परंतु टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावतांच वाड्याच्या भिंती धुक्यांत गेल्या, आणि माणसें हाललीं कीं त्यांच्या भोंवतीं चौकोनी ठिकऱ्या उडूं लागल्या.

उपाय म्हणून मीं चित्राचें माप वाढवून १९२० गुणिले १०८० केलें. पुष्कळांस हाच उपाय प्रथम सुचेल, म्हणून सांगून ठेवतों कीं त्यानें दुखणें वाढतें. डीव्हीडीवरील चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचें असतें. नव्या मापाचे बिंदू २०,७३,६०० होतात; बरोबर पांचपट. बिटरेट, म्हणजे दर सेकंदास चित्रावर खर्चावयाची माहिती, मात्र पूर्वीचीच दहा लाख बिट राहिली होती. पंगतींत तूप तेवढेंच आणि पानें पांचपट मांडलीं, तर वाढणाऱ्यानें काय करावें? चित्र पहिल्याहून वाईट झालें. मग मीं कडा तीक्ष्ण करण्याची सोय वापरली. त्यानें मातोश्रींच्या मुद्रेवर रेघा उमटल्या, पण त्या त्यांच्या सुरकुत्या नव्हत्या.

अक्का त्या सुमारास माहेरपणास आली होती. वय अठ्ठ्याहत्तर, महिन्यापूर्वीं मोतीबिंदू काढलेला. ती पडद्याजवळ खुर्ची ओढून बसली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “ही कोण रे?”

मी म्हणालों, “अक्का, अग आई ना!”

“आईच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका होता. हिला कुठें आहे?”

तिच्या डोळ्यांस दोष देऊन मी मोकळा होणार होतों. परंतु चित्र थांबवून पाहिलें, तों ठिपका खरोखरच नव्हता. ज्या माउलीच्या मांडीवर बसून त्या ठिपक्यावर मीं बोट ठेवलेलें, तिचा चेहरा मीं पंधरा दिवस पाहिला आणि मला तें कळलें नाहीं.

नातवास विचारलें. तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही दर वेळीं मूळावरून काम करतां, कीं आधीं एक्स्पोर्ट केलेल्यावरून?” मी तिसऱ्या नकलेवर काम करीत होतों. नांवांत एक अक्षर चुकलें कीं तयार झालेलीच फाइल उघडून मी ती दुरुस्त करीत असें. पोथीच्या नकलेवरून नक्कल होतांना पाठ कसे भ्रष्ट होतात, हें मीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही, कीं डीव्हीडीवरून संगणकांत घेतलेली मूळ प्रत मीं जागा अडते म्हणून काढून टाकली होती.

डीव्हीडी माळ्यावर सांपडली. अठरा वर्षांची. पहिल्या खेपेस ती अर्ध्यावर अडली, आणि मला दरदरून घाम फुटला. तबकडी मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे पुसून पुन्हां घातली. यंत्र घरघरत राहिलें. घरांत कोणी बोललें नाहीं. तासाभरानें सगळी उतरली. तिच्या तीन प्रती तीन ठिकाणीं ठेविल्यावांचून मी त्या दिवशीं जेवलों नाहीं.

पुढचें काम नातू आणि मी मिळून केलें. माप मूळचेंच ठेविलें. सेकंदास तीस झालेलीं चित्रें पुन्हां पंचवीसांवर आणलीं. रुंद पडद्यास ताणल्यामुळें मातोश्री लठ्ठ दिसत, तें चारास तीन हें प्रमाण देऊन सुधारलें. वाती वळणाऱ्या हातांस फणीसारखे दांते फुटत, त्याचें कारण मला फार मनोरंजक वाटलें. जुन्या पद्धतींत एका चित्राच्या सम ओळी आणि विषम ओळी एकाच क्षणीं घेत नसत. दोहोंत एक पन्नासांश सेकंदाचें अंतर असे. तेवढ्यांत हात हालतो. ‘डीइंटरलेस’ हा पर्याय त्यासाठींच आहे.

राहिला ठिपका. पाणिनीच्या सूत्रांत एकदां आलेलें पद पुढील सूत्रांत पुन्हां म्हणत नाहींत. त्याची अनुवृत्ति होते. एच-२६४ ह्या पद्धतींतहि न बदललेली भिंत दुसऱ्या चित्रावरून घ्यावयाची आणि जें हाललें तेवढेंच नव्यानें लिहावयाचें. युक्ति उत्तम. परंतु जुन्या फितींत सर्वत्र दाणे वळवळत असतात, त्यामुळें भिंतहि क्षणोक्षणीं बदलते; तुटपुंजी माहिती त्या दाण्यांवरच खर्चीं पडते आणि बारीक खुणा पुसल्या जातात. म्हणून ठराविक बिटरेट सोडून आम्हीं दर्जावर चालणारा पर्याय घेतला. तेथें न्याय उलटा आहे: आंकडा लहान, तितका दर्जा मोठा. सामान्यतः २३ असतो, तो आम्हीं १८ केला. फाइल दीड गिगाबाइटांच्या वर गेली. जाऊं दे.

ठिपका आला. अक्का कांहीं बोलली नाहीं. तिनें पदर डोळ्यांस लावला.

अमेरिकेंतील पुतण्यास, म्हणजे त्या वेळच्या बटूस, तो भाग मोबाइलवरून पाठविला, तेव्हां पाठविण्याच्या सोयीनें तो परस्पर आकसून टाकला आणि ठिपका पुन्हां गेला. नातवानें तो ‘दस्तऐवज’ म्हणून पाठविला, तेव्हां तसाच पोंचला. त्याचें उत्तर आलें: “काका, आजी मला काय सांगते आहे? मला आठवत नाहीं.”

मलाहि ठाऊक नाहीं. अक्का म्हणते, आतां ओठ स्पष्ट दिसतात, तिला सांगतां येईल. तो अर्ध्या मिनिटाचा भाग मी तिला रोज संध्याकाळीं मंद गतीनें दाखवीत आहें. दोन शब्द लागले आहेत.