पावसाळ्याची वाडी

घरच्या वाडीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिवाळा येतो: मेथीचे वाफे, सांबार, पालक, मुळे, लाल टमाटर. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात आणि आसपासच्या खेड्यांत सांदवाडीला हात लागतो तोही बहुधा दसऱ्यानंतर. घरामागे भाजी लावता लावता माझं मत मात्र उलट होत गेलं. कापसाच्या या मुलखात घरच्या भाजीची खरी गरज आषाढ, श्रावण आणि भाद्रपदात असते. हिवाळ्यात भाजी पिकवणं सगळ्यांनाच सोपं जातं, त्यामुळे बाजार भरलेला असतो आणि भाव उतरलेले असतात. भाजी स्वस्त असते त्या दिवसांत आपण वाडीत राबतो आणि महाग होते तेव्हा वाडी गवताला सोडून देतो.

शेतकऱ्याच्या घरातला पैसा कसा फिरतो ते पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. मृगाच्या तोंडावर सरकी आणि खत, मग डवरणी, निंदण, फवारणी. जूनपासून पुढे चार महिने पैसा फक्त घराबाहेर जात असतो. कापसाची वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते आणि हाती काही येतं ते दिवाळीला. नेमक्या याच चार महिन्यांत झडीने पालेभाज्या सडतात आणि आठवडी बाजारातले भाव चढतात. मग वरण, बेसन आणि चटणीवर दिवस काढले जातात, आणि तेही शेतात सर्वांत जास्त कष्ट असताना. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचना माणशी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाजी सांगतात. चार माणसांच्या घराला हे दीड किलोच्या वर जातं. श्रावणात ही भाजी विकत घेणारी मजुरांची घरं किती असतील? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत. तरी ताटातून हिरवं पान नाहीसं होणं हे त्यांतलं एक, आणि ते आपल्या हातातलं आहे.

पूर्वी ही गरज शेतच भागवत असे. कापसाच्या ओळींमध्ये तूर, मूग, बरबटी, धुऱ्याला अंबाडी, मधूनच काकडी आणि वाळकाचे वेल. निंदायला गेलेल्या बाया येताना ओटीत तरोटा, चिवळ, घोळ घेऊन येत. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली, फवारणी सुटली नाही, आणि मजूर मिळेनात म्हणून तणनाशक आलं. तणनाशकाला तरोटा आणि तण यांतला फरक कळत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. ते डोळ्यांसमोर असताना, शेतातच चार ओळी भाजीला ठेवा, हा सल्ला मला पटत नाही. पंपातून उडालेला फवारा ओळी मोजून थांबत नसतो. पऱ्हाटीच्या मधली बरबटी निर्धास्तपणे खावी असं शेत उरलेलं असेल तर उत्तमच. नसेल तर ती घराजवळच आणावी लागेल.

यावर पहिला आक्षेप जमिनीचा असतो, आणि तो खरा आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, झडीत मुळं गुदमरतात, सपाट वाफ्यातली मेथी आठवड्यात पिवळी पडते. पण यातून पावसाळा भाजीला वाईट आहे असं ठरत नाही. मेथी पावसाळ्याची नाही एवढंच ठरतं. पालेभाजीसाठी वीतभर उंच गादीवाफा करावा, बाजूने पाणी निघून जायला नाली ठेवावी, आणि उरलेल्या जागेत वर चढणारं लावावं. दोडके, कारली आणि बरबटीला मांडव लागतो, त्याला बांबू आणि पऱ्हाटीच्या काड्या पुरतात; कोहळ्याचा वेल छपरावर सोडता येतो. अंबाडीला तर काही करावंच लागत नाही. शेंडे खुडत गेलं की ती फुटत राहते, आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेल्या तिच्या भाजीची बरोबरी करणारी दुसरी पावसाळी भाजी मला ठाऊक नाही.

वेळ साधणं मात्र महत्त्वाचं. भेंडीला पहिला तोडा यायला साधारण दीड महिना लागतो, दोडक्याला त्याहून थोडा जास्त. मृगाचा पाऊस पडल्यावर बी टोकलं तर भाजी येईस्तोवर श्रावण येतो. म्हणून पावसाळ्याची वाडी मे महिन्याच्या अखेरीस सुरू व्हावी. पण उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं, तिथे भाजीला कुठून आणायचं, हा प्रश्न इथे येणारच. संपूर्ण उन्हाळा वाडी हिरवी ठेवायला मी सांगत नाही. पंचेचाळीस अंशांच्या आसपास टमाटराची फुलं तशीही गळून जातात. दोन आठवडे पाच-सहा आळी ओली ठेवायची आहेत, आणि तेवढ्याला भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. 'उमेद' अभियानाच्या बचतगटांमधून पोषण परसबागा लावल्या जातात, अंगणवाड्याही लावतात. त्या सगळ्या ठिकाणी बियाणं मे महिन्यातच हातात पडावं असं मला फार वाटतं.

जागेची अडचण मला तितकी मोठी वाटत नाही. कोलामांच्या पोडांवर कुंपणावर चढलेले वेल पाहिले की हातभर जागेत काय होतं ते कळतं. सर्वांत जड आक्षेप वेळेचा आहे. निंदणाच्या दिवसांत बाई पहाटे स्वयंपाक करून शेतात जाते आणि दिवेलागणीला येते. तिच्यावर वाडीचंही ओझं टाकायचं का? टाकू नये. मांडव घालणं, आळी खोदणं, नाली काढणं ही मे-जूनची कामं पुरुषांनी करावीत, कारण तेव्हा हात मोकळे असतात. पुढे वेलांच्या सावलीत तणही कमी माजतं, उरतं ते मुख्यतः तोडणं आणि अधूनमधून अळ्या वेचणं. वेचणीचा हंगाम आणि स्वस्त भाजी एकाच वेळी येतात, त्यामुळे कार्तिकात वाडी आटोपती घेतली तरी माझी हरकत नाही. मांडवावर तेवढे वाल राहू द्यावेत.