तेक्क्यॉन : देहाने जपलेली परंपरा

एखाद्या कलेचे मूळ शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाची पावले प्रथम ग्रंथाकडे वळतात. कोरियातील तेक्क्यॉन या युद्धकलेच्या बाबतीत ग्रंथ फार दूरवर सोबत करीत नाहीत. १७९० साली राजाज्ञेने सिद्ध झालेल्या 'मुये दोबो तोंगजी' या सचित्र युद्धशास्त्रग्रंथात तिला स्वतंत्र प्रकरण नाही. १७९८ च्या 'जेमुलबो' या कोशात तिचा केवळ ओझरता उल्लेख येतो. यू सुक या चित्रकाराच्या नावावर असलेल्या एका चित्रात मात्र ती स्पष्ट दिसते : मैदानात कुस्तीगीर, शेजारी तेक्क्यॉन खेळणारी जोडी आणि भोवती कोंडाळे करून बसलेले लोक. ही कला दरबाराची नसून लोकांची होती. कोगुर्यो काळच्या थडग्यांतील भित्तिचित्रांपर्यंत तिची वंशावळ नेण्याचा मोह अनेकांना पडतो. पण तेथे झुंजणारे पुरुष तेक्क्यॉनच खेळत आहेत, असे ती चित्रे सांगत नाहीत.

मग हिचे तत्त्वज्ञान शोधावे कोठे? ते खेळाच्या रीतीतच आहे. खेळाडूची पावले त्रिकोणात झुलत राहतात. गुडघे लवतात, अंग ताठरत नाही. प्रतिस्पर्ध्याला पाडले किंवा त्याच्या चेहऱ्याला पाय लावला, की डाव जिंकला. लाथ इजा करणारी नसावी, ढकलणारी असावी, असा संकेत आहे. शिवाय स्वतःचा एक पाय प्रतिस्पर्ध्याच्या आवाक्यात पुढे ठेवावा लागतो. या रीतीला 'देजॉप' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे पाहुणचार. स्वतःला असुरक्षित केल्याखेरीज येथे लढताच येत नाही.

जपानी अमलात (१९१०-१९४५) ही कला जवळजवळ लोपली. ती पुढे आली मुख्यतः सोंग दोक-गी (जन्म १८९३) या एका माणसाच्या देहस्मृतीतून. त्यांच्याकडून शिकलेल्या शिन हान-सुंग यांनी तिला शिस्तबद्ध अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९८३ साली शासनाने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १९८७ साली हे दोघेही निवर्तले. २०११ साली युनेस्कोच्या सूचीत तिचा समावेश झाला. आज तिच्या अनेक संघटना आहेत आणि त्यांच्या पद्धतींत भेद आहेत. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला हे अपरिचित नाही : गायक गेल्यावर पाठभेद उरतात. त्यांतला अस्सल कोणता, हे प्राचीनतेच्या दाव्यांनी ठरणार नाही. प्रतिस्पर्ध्यापुढे पाय ठेवण्याचे ते सौजन्य कोणत्या पाठात शिल्लक आहे, यावरूनच ते पारखावे लागेल.