पाळी येणार, की दिवस राहिलेत?

पाळीची तारीख परवावर आलेली. छाती भरून आल्यासारखी झाली आहे, हात लागला तरी दुखते. पोट फुगलंय, कंबर धरलीय, दुपारी डोळे मिटतायत आणि चहात साखर कमी पडली एवढ्यावरून रडू येतंय. आता सांगा, ही पाळी येण्याची लक्षणं, की दिवस राहिल्याची?

हा प्रश्न मला ओपीडीत नेहमी विचारला जातो. पण वरचं वर्णन कुणा पेशंटचं नाही, माझंच आहे. आम्ही मूल हवं असं ठरवलं, तेव्हा मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करत होते. पुस्तकातलं सगळं पाठ होतं. तरी पाळीच्या विसाव्या दिवसापासून मी स्वतःलाच तपासायला लागायचे. आज जरा मळमळलं का? फोडणीचा वास नकोसा झाला का? ‘या वेळी नक्की’ असं सलग सात महिने वाटलं आणि सातही वेळा पाळी आली. आठव्या महिन्यात पोटात अगदी नेहमीसारखं दुखत होतं, म्हणून पर्समध्ये पॅड ठेवून कामाला गेले. पाळी आलीच नाही. तिथेच माझ्या लेकीची सुरुवात झाली.

म्हणजे तज्ज्ञ असूनही आठपैकी आठ वेळा माझा अंदाज चुकला. का चुकला, ते तुम्हीही समजून घ्या.

पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडतं. त्याच जागी प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं. ते गर्भाशयाचं अस्तर तयार ठेवतं. त्याच्याचमुळे स्तन जड होतात, आतड्यांचा वेग मंदावून पोट फुगतं, झोप येते, मन हळवं होतं. गर्भ रुजला नाही तर प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि पाळी येते. रुजला तर ते टिकून राहतं. पण हा निकाल लागेपर्यंत दोन्हीकडे काम करणारं संप्रेरक एकच. मग लक्षणं वेगळी कुठून असणार?

काही फरक आहेत, पण ते उशिरा कळतात. पाळीची लक्षणं रक्तस्राव सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत ओसरतात. दिवस राहिले असतील तर ती टिकतात. मळमळ आणि उलट्या बहुतेकींना पाळी चुकल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुरू होतात. काहींना गर्भ रुजण्याच्या सुमारास एखादा गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो, पण बऱ्याच जणींना काहीच दिसत नाही. आणि कुठलंच लक्षण नसूनही दिवस राहिलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत.

म्हणून खात्रीचा मार्ग म्हणजे लघवीची तपासणी. तीही योग्य वेळी. गर्भ अस्तरात रुजल्यावरच एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतं, आणि रुजायला स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून ६ ते १२ दिवस लागतात. सुरुवातीला ते फार थोडं असतं, मग दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं. तारखेच्या चार दिवस आधी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

तारीख उलटू द्या. सकाळची पहिली लघवी घ्या. किटवर दिलेल्या वेळेतच रेघा पाहा. त्या वेळेत दुसरी रेघ पुसट दिसली तरी ती बहुधा पॉझिटिव्ह असते. दोन दिवसांनी पुन्हा तपासा. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिलेली रेघ मात्र धरू नका. (हो, मीही पाहिली आहे.) निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. पाळी अनियमित असेल, तर संबंध आल्यापासून तीन आठवडे मोजा.

तीन गोष्टी विसरू नका. गणपती आहेत, घरात पूजा आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्यातही प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं. त्याने हीच लक्षणं येऊ शकतात आणि पाळी तर लांबतेच. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर पुढचे दहा-चौदा दिवस टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच करा. आणि पाळी चुकल्यावर ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, रक्तस्राव झाला, तर ‘पाळीच असेल’ म्हणून थांबू नका. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेडिकलमधून परस्पर ‘पाळी येण्याची गोळी’ घेण्यातही हाच धोका असतो.

त्या सात महिन्यांत माझ्या सासूबाई चेहरा बघून म्हणायच्या, “मला कळतं हो, या वेळी आहे.” त्या प्रेमाने म्हणायच्या. पण पाळी आली की मला वाटायचं, आपलं शरीर आपल्याशी खोटं बोललं. ते खोटं बोलत नव्हतं. मीच त्याला असा प्रश्न विचारत होते, ज्याचं उत्तर अजून त्याच्याकडे नव्हतं.

तुम्ही मूल व्हावं म्हणून वाट बघत असाल, किंवा होऊ नये म्हणून धास्तावला असाल, ते चार-पाच दिवस सारखेच जड जातात, हे मला माहीत आहे. त्या दिवसांत स्वतःची उलटतपासणी करू नका. कॅलेंडरवर तारखेला खूण करा, किट आणून कपाटात ठेवा, आणि ती सकाळ उजाडेपर्यंत कपाट बंद ठेवा.