फोन आपला, ताबा कुणाचा?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात ऊसतोडीच्या उचलीचे पैसे हातात यायला लागतात. मुकादम टोळ्या बांधतो, कोयत्यांच्या जोड्या ठरतात आणि दिवाळी आटोपून ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. त्याआधीच्या दिवसांत किराणा, ताडपत्री आणि मोबाईल यांची खरेदी हमखास होते. म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं गावात राहणार, आईबाप कारखान्याच्या कोपीवर. दोघांमधला दुवा म्हणजे तो फोन. त्यातले पुष्कळ फोन हप्त्यावर घेतलेले असतात.

मी धारूरमध्ये झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. या दिवसांत येणाऱ्या तक्रारी फुटलेल्या काचेच्या कमी असतात. ‘ताई, ह्याच्यात जागाच नाही म्हणतंय.’ ‘आपोआप जाहिराती चालू व्हायल्यात.’ ‘नेट मारलं की दुपारपर्यंत संपायलंय.’ फोन मात्र नवाकोरा, बिल त्याच महिन्याचं. उघडून बघावं तर मालकानं स्वतः घेतलेलं ॲप व्हॉट्सॲपशिवाय एखादंच. बाकी सगळं कंपनीनं भरून दिलेलं: पत्त्यांचे खेळ, झटपट कर्जाचं ॲप, खरेदीची दोन-तीन दुकानं आणि स्क्रीन लावली की समोर येणारी जाहिरात. एकेका ॲपवर बोट दाबून धरावं, तर काहींना ‘काढून टाका’ हा पर्यायच नसतो. ‘बंद करा’ एवढंच असतं, आणि काहींना तेवढंही नसतं. फोन जितका स्वस्त, तितका हा कचरा जास्त. ज्याच्या फोनमध्ये जागा सगळ्यात कमी, त्याच्याच गळ्यात हे ओझं पडतं आणि जाहिरातींना लागणारं नेटही त्याच्याच खिशातून जातं.

हे फक्त माझ्या टेबलावरचं गाऱ्हाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीच भरलेली गूगलची ॲप्स ग्राहकाला काढून टाकता आली पाहिजेत, असंही त्या आदेशात होतं. कंपनी अपिलात गेली. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानं २९ मार्च २०२३ ला दंड कायम ठेवला, पण ॲप काढू देण्याची अट रद्द केली. दंडाचे पैसे सरकारजमा होतात. ऊसतोडीला निघालेल्या बाईला त्या अटीचा उपयोग होता, आणि नेमकी तीच गेली.

नको असलेल्या ॲपची अशी सवय झाली की अनोळखी ॲपचंही काही वाटेनासं होतं. घाटाखालच्या एका गावातले तात्या दुकानात आले ते यामुळेच. कापूस विकून आलेले पैसे खात्यातून गेले होते. ‘ताई, म्या कुणाला नंबर सांगितला नाही ओ. फोनबी आला नव्हता.’ ते अगदी खरं बोलत होते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएम किसानच्या यादीची म्हणून एक फाईल आली होती, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली. २०२४ पासून वाहतूक चलन, लग्नपत्रिका आणि सरकारी योजना यांच्या नावानं अशा फायली गावोगाव फिरताहेत आणि पोलीस त्याबद्दल वरचेवर सांगतही आहेत. पण ती फाईल तात्यांना ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून आली होती, म्हणून त्यांनी ती उघडली आणि ॲप फोनमध्ये बसलं. त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेला होता.

मी आधी माझ्या फोनवरून १९३० लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम सांगितली की पैसा पुढे ज्या खात्यात गेला तिथे तो अडवायची खटपट सुरू होते, म्हणून इथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. मग तात्यांच्या फोनचं नेट बंद केलं आणि आलेल्या मेसेजचे फोटो काढून ठेवले. फोन आधीच साफ केला असता तर पुरावा हातचा गेला असता.

नंतर सेटिंगमध्ये ॲपची यादी उघडली. योजनेच्या नावाचं ॲप तिथं होतं, पण बाहेर त्याचं चिन्ह कुठेच दिसत नव्हतं. ‘अनइन्स्टॉल’ची अक्षरं फिकट, दाबली तरी ढिम्म. त्यानं स्वतःला फोनचा प्रशासक करून घेतलं होतं. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो अधिकार काढला, सुलभतेची म्हणजे ॲक्सेसिबिलिटीची परवानगी बंद केली, तेव्हा कुठे ते ॲप निघालं. त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली होती. बँकेचा ओटीपी तात्यांच्या डोळ्यांसमोर येण्याआधीच दुसरीकडे पोचत होता. कॉल परस्पर दुसऱ्या नंबरवर वळवले असतील तर तेही रद्द व्हावेत म्हणून ##००२# लावून घेतलं. शेवटी नातवंडांचे फोटो उतरवून घेतले आणि फोन मुळापासून रिकामा केला.

बँकेत मात्र आम्हाला एकच उत्तर मिळालं: ‘ओटीपी तुम्हीच दिला असणार.’ अशा वेळी माणूस खाली मान घालून परत येतो. आम्ही मराठीत अर्ज लिहिला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, दोष ग्राहकाचाही नसेल आणि बँकेचाही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलेल्या व्यवहाराचा तोटा ग्राहकावर येत नाही. निष्काळजीपणा ग्राहकाचा असला तरी, कळवल्यानंतर जाणारा पैसा बँकेच्या माथी. आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच. एवढं अर्जात लिहिल्यावर पोच मिळाली. १९३० मुळे काही रक्कम पुढच्या एका खात्यात अडवली गेली, बाकीची त्याआधीच निघून गेली होती. अडवलेल्या पैशासाठीही तात्यांना पुढं बीडला खेटे घालावे लागले.

कॉम्प्युटरची गतही वेगळी नाही. आमच्यासारख्या दुकानात अंगठ्याचं मशीन बदललं की त्याचं ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस ही दोन सॉफ्टवेअर बसवावी लागतात. नेटवर शोधलं की सगळ्यात वर जाहिरातीच. हिरवं मोठं ‘डाउनलोड’ बटण असतं ते भलत्याच गोष्टीचं, खरं ड्रायव्हर कोपऱ्यात बारीक अक्षरात. शेजारच्या गावातल्या एका केंद्रचालकानं ते हिरवं बटण दाबलं आणि त्याच्या मशीनमध्ये एक ‘क्लीनर’ येऊन बसला. कॉम्प्युटर चालू केला की लाल पट्टी, शेकडो दोष सापडल्याचा इशारा, आणि दुरुस्तीसाठी पैसे भरायची सूचना. दोष एकच होता, तो क्लीनर. असल्या वेळी मी सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरची मोफत साधनं वापरते. केंद्र सरकारनं हे केंद्र २०१७ मध्ये सुरू केलं.

चोराचं एक समजू शकते. पण नावाजलेल्या कंपन्याही त्याच वळणावर जातात तेव्हा चीड येते. दुकानासाठी घेतलेल्या लॅपटॉपमध्ये सुरक्षेचं एक सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं होतं. पहिला महिना मोफत, पण कार्डाचा नंबर आधी द्यायचा. महिना संपायच्या आत मी ते रद्द करायला गेले. ‘नूतनीकरण करा’चं बटण पानोपानी होतं, ‘रद्द करा’चं कुठेच नव्हतं. हेल्पलाइनवर इंग्रजीतली ध्वनिफीत, मग संगीत, मग फोन कट. वर्षाचे पैसे कापले गेले. बँकेत जाऊन मी पुढच्या वर्षीच्या कपातीची परवानगी रद्द केली, कंपनीला लेखी ईमेल केला, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, मराठीत तक्रार दिली. पैसे परत आले. बरोबर दिलगिरीचा एक शब्दही आला नाही.

ही फसवणूक आहे हे आता कायद्याच्या भाषेतही लिहिलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी जाहीर केली. सहज घेता येते पण सोडता येत नाही अशी वर्गणी त्यात आहे, आणि खोट्या व्हायरसची भीती घालून पैसे उकळणंही त्यात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तर आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की परदेशात, धारूरच्या माणसाला बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. लागतं ते बिल. म्हणून फोनचं बिल फेकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधारकार्डाजवळ ठेवा, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

सावध राहा, लिंक दाबू नका, ओटीपी देऊ नका, हे फलक आता बँकेपासून बसस्थानकापर्यंत लागले आहेत. ते लागलेच पाहिजेत. पण सगळी सावधगिरी पहाटे फडात उतरणाऱ्या आणि रात्री अंग टाकणाऱ्या माणसानंच का बाळगायची? ज्यांनी फोन बनवला, ॲप भरलं, पैसे फिरवले, त्यांच्याकडे इंजिनिअरही आहेत आणि वकीलही. माझी मागणी साधी आहे. फोनमध्ये काय काय भरलंय आणि ते किती जागा खातंय, हे खोक्यावर मराठीत छापा. आम्हाला नको ते काढून टाकू द्या. घेताना एक बटण असेल तर सोडतानाही एकच असू द्या. तक्रारीला मराठीत बोलणारा जिवंत माणूस ठेवा. यातलं एकही काम कंपन्यांना अवघड नाही, त्यांना भाग पाडणारे ग्राहक कमी पडतात. बीडच्या आयोगात धारूर, वडवणी, केजच्या तक्रारींचा ढीग लागला, की हीच कामं त्यांना सुचायला लागतील.